मध्यम वाटेची साक्ष

गुरुवारी सकाळी टेकडीवरची सायकलवाट आमच्या दारात आली आणि आत येऊ का, म्हणून तिने विचारलं. मुलीकडे ॲरिझोनाच्या वाळवंटात हिवाळा काढण्याची आमची ही दुसरी खेप, त्यामुळे वाट ओळखीची होती. पण घरी कधी आली नव्हती. दारात तिचा फक्त सुरुवातीचा भाग मावला. बाकीची ती अंगणातून, शेजाऱ्यांच्या गॅरेजसमोरून थेट टेकडीच्या दिशेने पसरली होती. त्या वेळी टेकडीवर एक सायकलस्वार बराच वेळ एकाच जागी ताटकळत उभा होता, असं मागाहून कळलं.

वाट मराठी बोलत होती. इथल्या मराठी मंडळाच्या बायका रोज सकाळी तिच्यावरून बोलत बोलत चालतात, तेव्हा त्यात नवल नव्हतं.

"अगं, उन्हात काय उभी राहतेस? ये ना," माझी पत्नी म्हणाली. पायपुसण्यावर बरीच खडी सांडली. आमची मृण्मयी झाडू घेऊन उठली, तर आईने तिला डोळ्यांनीच बसवलं. पाहुणी बसलेली असताना केर काढायचा नसतो.

"काकांकडे काम होतं," वाट म्हणाली. "शनिवारी माझी सुनावणी आहे. मी अजून मध्यम आहे की नाही, ते ठरायचंय."

मी म्हणालो, की मी मापनशास्त्राचा प्राध्यापक होतो हे खरं, पण वाटा मोजण्याचा मला अनुभव नाही. शिवाय निवृत्त झाल्यापासून काहीच नीट मोजलेलं नाही, आणि आधीही नीट मोजत होतो की काय, याबद्दल मनात शंका आहे.

"मोजायचं नाही, बसायचं," वाट म्हणाली. "सायकलवर."

मग तिने सगळं समजावून सांगितलं. तिथली समिती वाटेचा दर्जा स्वाराच्या तोंडून काय निघतं त्यावरून ठरवते. वाट सोपी असेल तर उतरताना माणूस गाणं गुणगुणतो. अवघड असेल तर देवाचं नाव घेतो, किंवा गप्पच होतो. आणि मध्यम असेल, तर घरच्या माणसाला नावाने हाक मारतो. ती हाक खाली ऐकू यायला हवी, आणि तिला ओ मिळायला हवी. ओ मिळाली नाही तर हाक धरत नाहीत.

"आणि दर्जा बदलला तर?" मृण्मयीने विचारलं.

वाटेचा आवाज जरा बसला. "सोपी ठरले तर सिमेंट ओततील माझ्यावर. अवघड ठरले तर फाटक घालून कुलूप लावतील. माझं म्हणणं एवढंच, की मी आहे तशी राहावी."

मला हे अगदी पटलं. आयुष्यभर माझंही म्हणणं तेवढंच होतं. पण साक्षीदार म्हणून मी चालणार नाही, हे सांगणं माझं कर्तव्य होतं. "मी लिफ्टला घाबरतो," मी म्हणालो. "सरकत्या जिन्याला घाबरतो. माझ्या भीतीवर विसंबून निर्णय घेणं धोक्याचं आहे."

"त्याला कुठल्याही गोष्टीत अरे देवा म्हणायची सवय आहे," पत्नी वाटेला म्हणाली. चारचौघांत ती मला अहोजाहो करते. तेव्हा वाटेला तिने घरचीच धरली होती, हे माझ्या लक्षात आलं. "काल टोस्टरमधून पाव उडाला, तर अरे देवा."

"अहो काका, म्हणून तर तुम्ही हवेत," वाट म्हणाली. "तुमची भीती रोज तेवढीच असते. तेवढी वजा केली की झालं."

जो काटा नेहमी सारखाच चुकतो, तो उत्तम काटा. चूक वजा करा आणि खुशाल वापरा, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवलं होतं. मी स्वतःच तसा काटा असेन, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

"घरच्यांना हाक कशी मारता?" वाटेने विचारलं.

"ऐकलंस का, अशी."

"तीही फ्रिजकडे बघून," पत्नी म्हणाली.

वाट काळजीत पडली. "नाव लागतं हो. मागे एकाने नुसतं 'ए' म्हटलं, ते नामंजूर झालं."

"लग्नात घेतलं होतं माझं नाव. उखाण्यात. आणि पुढची ओळ विसरला."

"पण नाव घेतलं ना?" वाट म्हणाली. "मग येतं म्हणायचं."

निघताना पत्नीने तिला हळदकुंकू लावलं. वाटेला कपाळ कुठे असतं, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी सुरुवातीच्या चपट्या दगडावर बोट टेकवलं. वाट वळली आणि टेकडीवर परत गेली. मग मृण्मयीने केर काढला.

शनिवारी समिती टेकडीच्या पायथ्याशी खुर्च्या टाकून बसली होती. अध्यक्षा ऑर्टेगाबाई म्हणून होत्या, रुंद हॅट घातलेल्या आणि अतिशय सभ्य. आधी माझी रोजची भीती मोजून घ्यावी लागेल, असं त्या म्हणाल्या. मला जाकिटाची चेन लावायला सांगितली. मी अरे देवा म्हणालो. पाण्याची बाटली उघडायला सांगितली, पुन्हा तेच. हेल्मेटचा पट्टा अडकवताना दोनदा झालं. "अरे देवा सगळे माफ," ऑर्टेगाबाईंनी जाहीर केलं. "मात्र दुसऱ्या कुठल्या देवाचं नाव आलं तर ते धरलं जाईल. तुम्ही धार्मिक आहात?"

"मी नास्तिक आहे, असं मला वाटतं," मी म्हणालो. "खात्री देता येणार नाही."

मृण्मयीने गाडीतून मला आणि सायकलला वरच्या टोकाला नेलं. पत्नीही सोबत आली, आणि अगदी निघायच्या क्षणी तिने डब्यातून चमचाभर दही-साखर काढून माझ्या उजव्या हातावर घातली. शुभकामाला निघताना घालतातच. हातात जाड हातमोजे आहेत, हे तिला दिसलं नाही आणि मलाही जाणवलं नाही. मी चाटलं, पण बरंचसं हातमोज्यात मुरलं. त्या दोघी गाडीने खाली जाईपर्यंत मी थांबलो, आणि मग सायकलवर बसलो.

"बसलात?" वाटेने विचारलं.

"अरे देवा," मी म्हणालो.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं होतं. दोन्ही बाजूंना माणसांपेक्षा उंच निवडुंग हात वर करून उभे होते. खडी चाकांखाली करकरत होती. कोरड्या ओढ्यातल्या वाळूत पुढचं चाक सापासारखं वळवळलं, मी एक अरे देवा खर्च केला आणि पलीकडे निघालो. ऊन पाठीवर पडलं होतं, हवा गार होती, आणि घशातून कसलीशी चाल वर यायला लागली. मी हादरलो. गाणं! मी दात आवळले आणि ती चाल गिळून टाकली.

"सांभाळा हं काका," वाट हळूच म्हणाली.

"तू थोडी अवघड हो ना," मी म्हणालो.

"असं करता येत नाही. लबाडी होईल ती."

तेवढ्यात शेवटचा उतार आला. वळण, दगडाची पायरी, पुन्हा वळण, आणि मग सरळ खाली ऑर्टेगाबाईंची हॅट. मी उजवा ब्रेक दाबला. दह्याने बोटं सटकली. पुन्हा दाबला, पुन्हा सटकली. डावा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो की मागच्या, याबद्दल मला लगेच शंका आली, आणि शंका फिटेपर्यंत पायरी आली.

सायकल हवेत गेली. मीही गेलो. कुलदैवताचं नाव तोंडाशी येऊन थांबलं, कारण खरं सांगायचं तर मला भीती वाटत नव्हती. म्हणजे वाटत होती, पण तिच्यावर दुसरंच काहीतरी चढून बसलं होतं, आणि ते एकट्याने बघावंसं वाटेना. कुणालातरी दाखवायला हवं होतं. आत्ताच, जमिनीवर यायच्या आत.

"वत्सलाऽऽ!" मी ओरडलो.

टेकडीने ते दोनदा म्हटलं. चाकं खाली टेकली, निवडुंग भराभर मागे गेले, आणि पायथ्याच्या खुर्च्यांतून आवाज आला, "ओ! अहो, हळू! बघतेय मी!"

वाळूच्या ढिगात सायकल आपोआप थांबली. ऑर्टेगाबाई उठून उभ्या राहिल्या. "वत्सला," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "ही देवता आहे काय?"

"छे हो," पत्नी म्हणाली. "मी आहे."

समितीने आपसात कुजबुज केली. हाक ग्राह्य, ओ ग्राह्य. मात्र नियमाप्रमाणे दुसरी साक्ष लागते, आणि ठरलेला दुसरा साक्षीदार पडशामुळे आला नव्हता. त्यामुळे निर्णय पुढच्या हिवाळ्यापर्यंत लांबणार आणि तोवर वाटेला फाटक घालून कुलूप लावणार, असं ऑर्टेगाबाईंनी अत्यंत खेदाने सांगितलं. वाटेवर नुसती थोडी धूळ उडाली.

"हेल्मेट द्या इकडे," वत्सला म्हणाली.

"अगं, तुझा गुडघा..."

"सांगलीत कॉलेजला सायकलने जात होते मी. तुमच्या आधीपासून."

तिने ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि दह्याचा डबा व पर्स माझ्याकडे दिली. हातमोजे नको म्हणाली. मृण्मयी तिला वर घेऊन गेली आणि एकटीच परत आली.

पायथ्याशी मी डबा धरून उभा राहिलो. ती दिसत नव्हती. थोड्या वेळाने वरून गुणगुणणं ऐकू आलं, स्पष्ट, तालात. समितीतल्या एकाने भुवया उंचावल्या. मी मनातल्या मनात तिला गप्प बसायला सांगत होतो. या कामी मला आजवर कधी यश आलेलं नाही. मग गुणगुणणं थांबलं. मग काहीच येईना. खडीचाही आवाज नाही. ऑर्टेगाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. शांतता अवघड वाटेची असते.

पायरीवरून ओढणी उडालेली दिसली. लग्नापासून तिने मला चारचौघांत 'अहो' आणि घरात 'अरे' याखेरीज काही म्हटलेलं नाही. उखाण्यातलं नाव सोडलं तर माझं नाव तिच्या तोंडून मी ऐकलेलं नव्हतं.

"यशवंऽऽत!"

टेकडीने तेही दोनदा म्हटलं. समितीने वळून माझ्याकडे पाहिलं. ओ द्यायला हवी होती, ती आपणहून द्यायची की रीतसर विचारून, असा मला प्रश्न पडला. पण तोवर मी डबा आणि पर्स धरलेले दोन्ही हात वर करून, निवडुंगासारखा उभा राहून, ओ दिलेली होती.