बर्फावरचं आर्टिचोक

आमच्या शेलार गावात बर्फ दोनच ठिकाणी लागतो: मासळीच्या पाटीत आणि बाळारामकाकांच्या भाजीच्या मुळाशी. बाजार उठला की कोळणीकडून उरलेला बर्फ मागून आणायचा आणि गोदामाच्या भिंतीलगत राहिलेल्या चार हात जमिनीत ओतायचा. "याला थंडी लागते," म्हणायचे. बर्फाबरोबर मासळीचा वासही यायचा, त्यामुळे गल्लीतल्या तमाम मांजरांचा मुक्काम त्या वाफ्यात.

भाजीचं नाव आर्टिचोक. परदेशी काटेरी झाड, त्याची मिटलेली कळी उकडून खातात. शेजारी असल्यामुळे हे व्याख्यान मला रोज फुकट मिळायचं.

"एवढ्यात घोसाळ्याचा मांडव भरला असता, काका."

"घोसाली कोनीपन लावील. आपल्याला घाई न्हाय."

"घाई न्हाय" हे त्यांचं पालुपद. वर्ष गेलं तरी तेच.

त्यांची लेक मंजुळा पुण्याला हॉटेलात स्वयंपाकी आहे. ही भाजी आपल्याकडे परदेशातून बंद डब्यात येते, असं तिनंच कधीतरी सांगितलं होतं. पुढे काकांनी तिला न विचारता शेत गोदामाला दिलं, कागदावर सही तेवढी मागितली. तिनं ती केली आणि पुन्हा उंबरा चढली नाही.

हिवाळ्यात एक कळी धरली. त्यांच्या घरची रीत अशी, की कुठल्याही झाडाचं पहिलं फळ लेकीनंच तोडायचं. काका माझ्याकडे आले. "तिला फोन लाव. माजा उचलत न्हाय."

मी लावला. सगळं ऐकून मंजुळा म्हणाली, "दादा, त्यांना सांगा, मिटलेली आहे तोवरच कापा. उमलली की खाता येत नाही."

"तू येतेस ना?"

फोन बंद झाला होता.

काकांना निरोप दिला. त्यांनी मान डोलावली आणि रोज बर्फ ओतत राहिले. कळी सैल झाली, फुगली, एक दिवस जांभळी फुलून बसली. मला राग आला.

"गेली ना वाया! तिनं सांगितलं होतं तुम्हाला."

"ऐकला मी. पन पयली तिची हाय, मी कशी कापू?" त्यांनी मांजर हळूच बाजूला सारलं. "एकदा तिला न इचारता घाई केली. आता न्हाय."

दुसऱ्या दिवशी कोळणीकडे बर्फ मागायला मीच पाटी घेऊन गेलो.