भावनांसाठी टीव्ही काढला

मी टीव्ही सोडला हे ऐकून लोकांना वाटतं, ह्याचा टीव्ही बिघडला असणार. तसं काही नव्हतं. टीव्ही उत्तम होता. बिघडलो होतो मी, असं आमच्या कॉलेजात आलेल्या एका बाईंचं म्हणणं पडलं.

सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी हेडक्लार्क आहे. शिक्षकांसाठी मनःशांतीवर त्या बाईंचं व्याख्यान ठेवलं होतं. शिक्षकांची मनं आधीच शांत असावीत, कारण फारसं कोणी आलं नाही. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून प्राचार्यांनी ऑफिस स्टाफला आणून बसवलं आणि मी नेमका पहिल्या रांगेत सापडलो. बाईंनी मलाच विचारलं, घरी गेल्यावर पहिल्यांदा काय करता? मी म्हणालो, चपला काढतो. मग? मग टीव्ही लावतो. बायकोशी बोलण्याच्या आधी की नंतर? मी प्रामाणिकपणे आठवायला लागलो, तेवढ्यात सगळा हॉल हसला.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुम्ही टीव्ही बघत नाही, सर. तुम्ही टीव्हीच्या मागं लपता. एकदा बंद करून बसा. शांततेत जे वर येईल, त्याच्यापासून पळू नका."

आजवर मला कोणी 'सर' म्हटलं नव्हतं, त्यामुळंही असेल, पण ते बोलणं मला लागलं. आणखी एक कारण होतं. आमची एकुलती एक मुलगी सिद्धेश्वरी. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली, तिचं लग्न झालं आणि ती हुबळीला गेली. तेव्हापासून आमचा टीव्ही सकाळी बातम्यांनी सुरू व्हायचा तो झोपेपर्यंत चालायचा. बघायचं कोणीच नाही. मी पेपर वाचायचो, हेमावती (म्हणजे माझी बायको) भाजी निवडायची, आणि टीव्ही आपला घरातल्या तिसऱ्या माणसासारखा बोलत राहायचा. तो बंद केला की घर मोठं व्हायचं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच आमचं घर, पण मोठं व्हायचं.

घरी आल्यावर मी हेमाला सांगितलं की आजपासून टीव्ही बंद, आपण शांततेत बसायचं आणि मनातल्या भावनांना तोंड द्यायचं. बाईंचा उल्लेख मी केला नाही. (हा विचार माझ्याच डोक्यातून निघाला असं वाटायला काय हरकत होती?) हेमा शेंगदाणे भाजत होती. ती "बरं" म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोच्या 'बरं'चे प्रकार ओळखता येतात. हे 'बघू किती टिकतंय' या जातीचं होतं.

मी स्वतःला ओळखून आहे. नुसता टीव्ही बंद करून भागणार नव्हतं. रिमोट हाताशी असला की माझा निश्चय बोटातून निसटतो. म्हणून मी टीव्ही भिंतीवरून काढायचाच घाट घातला. एक स्क्रू काही केल्या फिरेना, तेव्हा मी जरा जोर लावला, आणि स्क्रू भाकरीएवढं प्लॅस्टर घेऊन बाहेर आला. बाकीच्या भिंतीचा रंग उडालेला, टीव्हीमागचा तेवढा चौकोन मात्र हिरवागार. तो बघून हेमा फक्त एवढंच म्हणाली की रंग चांगला निवडला होता आपण.

टीव्ही मी शेजारच्या प्रभुअण्णांकडं नेऊन दिला. प्रभुअण्णा चादरीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान निम्मे गेलेले, आणि त्यांचा स्वतःचा टीव्ही दिवाळीपासून मुका होता. मी त्यांना बजावलं, "अण्णा, मी स्वतः मागायला आलो तरी द्यायचा नाही." त्यांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. इतक्या आनंदानं शब्द देणारा माणूस मी पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं सोफ्यावर हिरव्या चौकोनाकडं तोंड करून बसलो. (सोफा फिरवावा हे सुचलं नाही.) कूलरची घरघर शांततेच्या आड येत होती, म्हणून मी तोही बंद केला. वैशाखातलं सोलापूर. जे वर यायचं ते मनातून आलंच नाही, सगळं अंगातून आलं. शेवटी मी हेमाला हळुवारपणे विचारलं, तुला काय वाटतंय?

"उकडतंय."

मी म्हणालो, आणखी खोल जा. तिनं क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "लई उकडतंय."

एवढ्यात भिंत बोलायला लागली. प्रभुअण्णांनी आमचा टीव्ही त्याच भिंतीच्या पलीकडच्या अंगाला लावला होता आणि कानाच्या मानानं आवाज ठेवला होता. आता आमच्याकडं चित्राशिवाय सगळं येत होतं. हेमाला मालिकेतला प्रत्येक आवाज ओळखू येई. चौकोनाकडं बघत ती सांगायची, आता थोरली सून दार उघडणार, आणि पलीकडं दार करकरायचं. मी तिला गप्प करायचो आणि थोड्या वेळानं हळूच विचारायचो, कोण आलं? बरं, नेमकं कोणी कुणाच्या थोबाडीत मारायच्या वेळेला प्रभुअण्णा चॅनेल बदलायचे. ज्या भावनांना मला तोंड द्यायचं होतं, त्यांतली पहिली म्हणून जी वर आली ती प्रभुअण्णांविषयीची होती, आणि ती काही चांगली नव्हती.

मंद्रूपला माझ्या सासूबाई असतात, निंगव्वा. त्यांचा रोज संध्याकाळी हेमाला फोन येतो. एरवी दोघी टीव्हीच्या आवाजावर ओरडून बोलतात. त्या दिवशी अण्णा जेवायला बसले होते, त्यामुळं भिंतही गप्प होती. तिकडून सासूबाईंनी विचारलं, घरात एवढं सामसूम का? हेमा खरं तेच बोलली. म्हणाली की टीव्ही देऊन टाकला, आणि हे गप्प बसून असतात. एवढ्यात दूध उतू गेलं आणि तिनं फोन ठेवला. उरलेली हकीकत मंद्रूपला सासूबाईंनी स्वतःच पूर्ण केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅच होती. मी प्रभुअण्णांकडं गेलो आणि म्हटलं, आजच्या दिवस टीव्ही देता का? त्यांनी हात जोडले. शब्द म्हणजे शब्द. मग नुसतं बसू का, म्हणून विचारलं, तर म्हणाले की बसणं म्हणजे बघणंच झालं. आणि माझ्याच भल्यासाठी त्यांनी दार लावून घेतलं.

मी घरी येऊन स्टीलचा पेला घेतला, भिंतीला लावला, त्याला कान लावला आणि डोळे मिटून उभा राहिलो. वारा यावा म्हणून दार उघडं होतं. शेवटच्या ओव्हरला पाठीमागून कोणीतरी "शिवा शिवा" म्हणालं. दारात सासूबाई. हातात कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी. एसटीतून उतरून तशाच आलेल्या.

"एन आगेद री?" त्यांनी कानडीतून विचारलं. काय झालंय म्हणून.

मी तोंडावर बोट ठेवलं. एकच चेंडू राहिला होता. पण त्या बोटानं घात केला. जावयानं मौन धरलंय आणि तो भिंतीशी बोलतोय, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. हेमा बाहेर येईपर्यंत माझ्या कपाळाला विभूतीचे पट्टे लागले होते. मॅचचं काय झालं ते मला अजून नीट माहीत नाही.

पेला खाली ठेवून मी त्यांना समजावलं की अव्वा, मला काही झालेलं नाही, मला फक्त माझ्या भावनांना सामोरं जायचंय.

"त्या कुटं गेल्यात?"

"आत आहेत."

"आत हायत तर बऱ्या हायत की. भाईर कशाला काढता?"

यावर बाईंनी काय उत्तर दिलं असतं कोण जाणे. मी त्यांनी केलेला कडू काढा प्यायलो आणि आडवा झालो. तेवढ्या वेळात त्यांनी हेमाच्या मोबाईलवरून हुबळीला नातीला फोन लावला. जावयाची अब्रू नको जायला म्हणून बेतानंच बोलल्या असाव्यात. पण तिकडं पोचलं ते असं की तुझ्या बापाच्या आत काहीतरी अडकलंय, तो ते बाहेर काढायला बघतोय आणि ते निघत नाही.

पुढच्या दिवशी सिद्धी दारात हजर. सासरी सांगून, मिळेल त्या गाडीनं आलेली, डॉक्टरांची वेळ घेऊनच. तिनं आल्या आल्या माझं मनगट धरलं आणि नाडी बघायला लागली. (ती बी.कॉम. आहे.) मी खणखणीत असल्याची तिची खात्री पटेना. तिघींनी मिळून मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर सोफ्यावर बसल्या. माझ्या लक्षात आलं की माझ्या डोक्यामागं हिरवा चौकोन आहे. तिघी सोफ्यावर, आणि मी बरोबर टीव्हीच्या जागी. सगळ्यांची नजर माझ्यावर. मी काहीतरी दाखवणं भाग होतं.

"अप्पा, आत नक्की काय होतंय?" सिद्धीनं विचारलं.

"बाई म्हणाल्या की..." मी सुरुवात केली.

"कोन बाई?" सासूबाई ताठ झाल्या.

हेमा सोफ्यावर जराशी पुढं सरकली.

"कॉलेजात आलेल्या. एकदाच भेटल्या," मी घाईनं म्हणालो. "त्या म्हणाल्या की मी लपतो."

"कुणापासून?" सिद्धीनं विचारलं.

यावर मी सगळ्यांना चुकवून दाराकडं बघितलं. सिद्धीनं आल्या आल्या आपली पर्स दारामागच्या खिळ्याला अडकवली होती, सवयीनं, न बघता. तिच्या लग्नानंतर तो खिळा मोकळाच होता. घरात पिशव्या ठेवायला जागा नाही, पण मी काय की हेमानं काय, त्या खिळ्याला कधी काही अडकवलं नव्हतं. नेमकी त्याच वेळी लाइट गेली. पंखा थांबला, पलीकडं प्रभुअण्णांचा टीव्ही थांबला, आणि दोन दिवस मी ज्या शांततेसाठी धडपडत होतो ती अचानक घरात आली.

"तू गेल्यापासून मला घरी यावंसं वाटत नाही," मी म्हणालो.

हे मी बोलेन असं मला स्वतःला वाटलं नव्हतं. आवाजही माझा वाटेना. पुढं आणखी काही सांगायचं होतं, पण मी उपरण्यानं तोंड पुसायला लागलो, तर ते उपरणं नव्हतं, हेमाचं पोळपाट पुसायचं फडकं होतं. तोंडाला पीठ लागलं. कोणी हसलं नाही, यावरून प्रसंग काय होता ते समजा.

सिद्धी उठून माझ्याजवळ आली आणि रडायला लागली. रडत रडत सांगायला लागली की हुबळीत तीही तेच करते. माणसं चांगली आहेत, नवराही चांगला आहे, पण दुपारी घरात कोणी नसलं की ती टीव्ही मोठ्यानं लावून ठेवते. आवाज असला की सोलापूर आठवत नाही. फोनवर सांगत नव्हती, कारण आम्ही काळजी करू.

हेमा पदरानं डोळे टिपत मला म्हणाली, "मला का नाही सांगितलंत? मी काय मजेत होते?"

"तू कधी विचारलं नाहीस."

"विचारलं होतं. टीव्ही चालू होता."

सासूबाई सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होत्या. त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता, पण जरा रागही आला होता. "म्हंजे पोरीची आठवन येत हुती," त्या म्हणाल्या. "मग तसं म्हनायचं की. भावना, भावना काय लावलंय. मी शेजारचं लग्नघर सोडून आले."

लाइट आली, भिंत पुन्हा गर्जायला लागली, आणि आम्ही चौघंही दचकलो.

सिद्धी काही दिवस राहिली. इतकं बोलणं आमच्या घरात बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. सासूबाईंनी तिला भाकऱ्या बांधून दिल्या, डॉक्टरांची वेळ रद्द झाली, आणि आठवड्यातून एकदा फोनवर खरं खरं सांगायचं असं बापलेकीचं ठरलं. तिला गाडीत बसवून आल्यावर घर पुन्हा मोठं झालं, पण पहिल्याएवढं नाही. सासूबाईही मंद्रूपला परतल्या.

त्या संध्याकाळी हेमा आणि मी सोफ्यावर बसलो. प्रभुअण्णा कुठं तरी गेले असावेत, भिंत गप्प होती. मला फार हलकं वाटत होतं. झाकण एकदा निघालंय, आता आतलं सगळं येईल, असं मला वाटत होतं, आणि तसंच हेमालाही वाटत असावं. कारण ती भाजी बाजूला ठेवून माझ्याजवळ सरकून बसली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बघायची तशी माझ्याकडं बघत तिनं हळूच विचारलं, "आता काय वाटतंय?"

मी डोळे मिटून आत नीट बघितलं.

"भूक लागलीय."

"ते नव्हे हो. खोल."

मी पुन्हा बघितलं. कोपऱ्याकोपऱ्यातून बघितलं. "आणखी काही दिसत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे सिद्धीचं तेवढं होतं, ते झालं?"

"झालं."

हेमा परत आपल्या जागी सरकली. मग म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, हा माणूस बोलत नाही म्हणजे आत केवढं तरी साठलेलं असणार."

ती उठली आणि पायात चपला घालायला लागली. मी विचारलं, कुठं निघालीस?

"प्रभुअण्णा आले असतील तर बघते," ती म्हणाली. "टीव्ही आणते."