अकरा एकरांचा पंचनामा

चहाचा कप तोंडाला लावता लावता किसनरावांनी मोबाईल उघडला आणि त्यांना आपलं अकरा एकरांचं वावर गायब झालेलं दिसलं. कपाशी नाही, तूर नाही, विहीर नाही, दोन म्हशीसुद्धा नाहीत. पडद्यावर नुसती मोकळी माती आणि खाली गेमच्या कंपनीची चिठ्ठी: "आमच्या नेटवर्कवर सायबर हल्ला झाला. नुकसानीस कंपनी जबाबदार नाही. भेट म्हणून बियाण्याची एक पिशवी स्वीकारावी."

"गेमच होता ना तो," त्यांच्या पत्नी विमलताई म्हणाल्या. "चहा थंडा होऊन राह्यला."

गेम आहे हे किसनरावांनाही ठाऊक होतं. पण आर्णी तालुक्यात तीस वर्षं तलाठी म्हणून दुसऱ्यांच्या जमिनी लिहिणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. निवृत्तीनंतर चार वर्षं अंगठा झिजवून उभं केलेलं ते ऑनलाइन वावर, हीच काय ती त्यांची इस्टेट. जीव होता त्यात त्यांचा.

"कुंपण त्यायचं, फाटक त्यायचं, किल्ली त्यायच्याजवळ," ते तडकले. "अन चोर आत शिरला तं जबाबदार कोन? मी? मी अशी सोडत नाही कंपनीले."

हेल्पलाइनच्या मशीनने त्यांना एक दाबायला लावलं, मग चार, मग पुन्हा एक, आणि शेवटी आपला फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे असं सांगून तो कापला. ऑनलाइन तक्रारीत हल्ल्याआधीच्या शेताचा फोटो मागितला होता. आता चोरी होणार म्हणून आधीच फोटो काढून ठेवणारा शहाणा आर्णीत तरी कोणी नव्हता. दुसऱ्या कोणी इथेच हात टेकले असते, पण किसनरावांना हुरूप आला. कागद नसला की तयार करायचा, यातच त्यांची सारी नोकरी गेली होती.

"पंचनामा करतो," ते म्हणाले.

"कायचा?"

"वावराचा."

विमलताई हसू लपवायला पदर तोंडाशी धरून आत गेल्या.

समोरच फिरोजचं गॅरेज होतं आणि तिथे स्कूटर दुरुस्तीला घेऊन बाबूसिंग गुरुजी बसले होते. दोन पंच बसल्याजागी मिळाले.

"पन साहेब, जागेवर जाऊन पाहनी कराले लागते ना?" फिरोजने विचारलं.

किसनरावांनी मोबाईल पुढे केला. "हे जागा. पाहून घे."

दोघे पंच मोबाईलवर वाकले. "काहीच नाही उरलं हो," गुरुजी हळहळले.

मग चतुःसीमा लिहिली गेली. पूर्वेस नाला, पश्चिमेस 'टायगर नाईंटी नाईन' नावाच्या खेळाडूची सोयाबीन, दक्षिणेस बाजार, उत्तरेस मोबाईलची कड. गुरुजींनी झोकात सही केली. फिरोजच्या सहीशेजारी ग्रीसचा अंगठाही उमटला. स्पीड पोस्टाने पंचनामा कंपनीकडे रवाना झाला आणि त्यामागून दर सोमवारी एक स्मरणपत्र जाऊ लागलं.

पाचव्या स्मरणपत्रानंतर कंपनीतून फोन आला. बोलणारी बाई मराठी होती आणि जरा धास्तावलेली वाटली.

"सर, हल्ल्यात आमच्याकडच्या नोंदीसुद्धा पुसल्या गेल्या. हजारो तक्रारी आल्या, पण चतुःसीमा फक्त तुम्ही पाठवलीत. आमचे वकील म्हणाले, या कागदापुढे आपलं काही चालणार नाही. कंपनीने जबाबदारी मान्य केली आहे. तुमचा पंचनामा आम्ही जसाच्या तसा मंजूर केलाय."

किसनरावांनी गल्लीत पेढे वाटले. दुपारी गेम उघडला, तर वावर सव्वातीन एकर. विहीर नाही. म्हैसही नाही, कारण दोन म्हशींचे तीस टक्के काढून पूर्ण म्हैस भरत नव्हती. त्यांनी तडक फोन लावला. "अकराचे सव्वातीन कसे?"

"सर, पंचनाम्यातच आहे. 'अंदाजे नुकसान तीस टक्के.' खाली सही तुमचीच आहे."

"सारं वावर गेलतं, तं तीस कायले लिवलं?" विमलताईंनी विचारलं.

"सवय," किसनराव पुटपुटले. "नोकरीत कोनाच्याच पंचनाम्यात तीसच्या वर हात कधी गेला नाही."

पेढ्याची चव तोंडात असतानाच ते पुन्हा गॅरेजमध्ये गेले. "फिरोज, फेरपंचनामा कराचा आहे."

फिरोजने हातातला पाना खाली ठेवला. "साहेब, अब्बाच्या वावरात पानी शिरलं तवा फेरपंचनाम्यासाठी तीनदा आलतो मी तुमच्याकडं. काय म्हनलं होतं तुमी?"

"कागद झाला, आता काही होत नाही," किसनराव खाली बघत म्हणाले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसंच परत फिरावं असं वाटलं, पण पावणेआठ एकर सोडवत नव्हते.

फिरोजने हात पुसले आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा. पंच मी होतो, आताही होतो. पन ह्या टायमाले टक्के मी सांगीन. तुमी फक्त लिवाचं."

"सांग."

"शंभर."

किसनरावांनी एकाचा आकडा काढला, त्यापुढे एक शून्य काढलं, आणि दुसऱ्या शून्यापाशी त्यांचा हात असा काही अडला की शेवटी फिरोजलाच तो धरावा लागला.