साळवेकाकांचं घामाचं फडकं

भर दुपारी सिंगापुरात, आमच्या चोआ चू कांगच्या उन्हात गळ्याभोवती सुती फडकं गुंडाळून कुणी ब्लॉकला फेऱ्या घालताना दिसला, तर तो एक तर वेडा असतो, नाही तर साळवेकाका. घाम निथळायला लागला की त्याच फडक्याने मान, कपाळ रगडून पुसतात आणि घरी जातात. आमच्या मजल्यावर हे कुणालाच सरळ वाटत नाही. मी ऑफिसात बारा वर्षं काढली आहेत. उगाच घाम गाळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

काका नगरचे निवृत्त शिक्षक. नातवाला सांभाळायला मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले, त्याला दोन वर्षं झाली. परत जायचं म्हटलं की मुलगा "पुढच्या सुट्टीत बघू" म्हणतो. एका पाद्रीबाबांकडून ते जुजबी ग्रीक शिकले आणि तेव्हापासून मराठी बायबल फौजदाराने जबानी वाचावी तसं वाचतात.

एकदा लिफ्टपाशी मला गाठलं. "अहो कांबळे, बायबलात प्रेषित पौलाच्या अंगावरचे रुमाल आजाऱ्यांकडे नेत आणि ते बरे होत, असं छापलंय. रुमाल म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येतं?"

"घडीचा, इस्त्री केलेला."

"फसलात! मूळ शब्द सुदारियॉन. घाम पुसायचं फडकं! पौल तंबू करणारा माणूस, घामाघूम व्हायचा. भाषांतरकाराला घामाची लाज वाटली, दुसरं काय! मला संशय होताच."

तेवढ्यात लिफ्ट येऊन गेलीसुद्धा.

मी पुण्याला निघालो तेव्हा काकांनी चारी बाजूंनी टेप मारलेली पिशवी हातात ठेवली. "नगरला आमच्या मिसेसना द्या. उघडू नका."

"उघडू नका" म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. या देशात अमली पदार्थ सापडले तर थेट फाशी; दुसऱ्याची पिशवी न बघता विमानतळावर नेणं म्हणजे फास गळ्यात घालून घेणं. घरी येऊन कात्री लावली. आत तेच फडकं! पिवळट, आंबूस, ओलसर.

"बाई गं!" सुजाताने, माझ्या बायकोने, ते दोन बोटांत धरलं. "बायकोला असं पाठवतात का कुणी? विसरले असतील धुवायला."

तिने ते दोनदा मशीनमध्ये धुतलं, इस्त्री केली, नव्या पिशवीत घातलं. मलाही आपण पुण्यकर्म केल्यासारखं वाटलं.

नगरला काकूंच्या भाचीने दार उघडलं. काकूंना आता माणसं ओळखू येत नाहीत, प्रवासही झेपत नाही. व्हिडिओ कॉलवर काका दिसले की "हे गृहस्थ कोण?" म्हणून विचारतात, असं ती सांगत होती. पिशवी बघताच मात्र काकू खाटेवर सरसावून बसल्या. घाईघाईने घडी मोडली, फडकं नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. मग बाजूला सारून म्हणाल्या, "हे आपलं नाही."

"धुतलंत का?" भाचीने हळूच विचारलं. "एरवी कुणाबरोबर फडकं आलं की उशाशी घेऊन झोपतात. 'आमचे हे आले' म्हणतात. त्या दिवशी दोन घास जास्त जातात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुदारियॉनचा आम्ही नवराबायकोने मिळून रुमाल केला होता.

तेवढ्यात काकांचा फोन आला. "ओळखलं का हो तिने?"

"हो काका," मी म्हणालो. "लगेच."

छापील शब्दावरही विश्वास न ठेवणाऱ्या त्या माणसाने पुढे काहीच विचारलं नाही.

"मग पुढच्या खेपेला दोन देतो," ते म्हणाले.