बाबांचं बाळंतपण

"बाबा, तुम्हाला लघवीला अर्धा तास का लागतो?"

हे विचारायची पैज लेकीच्या मैत्रिणींनी लावली होती. अभ्यासाला जमल्या की त्या बिचाऱ्या घरातल्या एकुलत्या एका बाथरूमच्या दाराशी ताटकळायच्या. आतला आवाज ऐकून एकीने निदानही करून टाकलं होतं, "हा नळ नाही गं, ठिबक सिंचन आहे!" मग काय, लेकीने जेवता जेवता बॉम्ब टाकला.

बाबांच्या घशात घास अडकला. खालचं तर केव्हाचंच अडकलं होतं.

"सायकलच्या दांड्यावर आपटलो होतो," ते ताटाशी बोलले. "सहा महिने झाले."

"आणि मला सांगितलंत, गुडघा खरचटला!" आई कडाडली. ती इस्पितळात मेडिकल कोडर. डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक दुखण्याला ठरलेला नंबर देणं हे तिचं काम. गावभरच्या दुखण्यांचे नंबर तिला तोंडपाठ, आणि घरातलंच एक बिननंबरी फिरत होतं!

आईच्याच इस्पितळातल्या डॉक्टरांनी आत औषध सोडून एक्स-रे काढला. माराच्या जागी व्रण धरून मूत्रमार्ग सुईच्या नेढ्याएवढा उरला होता. "अजून लाजत बसलात तर एक दिवस सगळंच बंद. मग थेट पोटातून नळी," त्यांनी दम भरला. अरुंद भाग उघडून तिथे गालाच्या आतलं अस्तर लावायचं ठरलं.

"गालाचं?" आई म्हणाली. "बरं झालं. निदान तिथून तरी काही बोलतील."

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी विमा कंपनीचा फोन आला. मंजुरी नाकारली होती. बाबा पांढरेफटक पडले. त्या दिवशी ठिबकसुद्धा थांबत आलं होतं. लेकीने फोन स्पीकरवर टाकला.

"पेशंट पुरुष आहेत ना?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"हो," बाबा म्हणाले.

"मग बाळंतपण कधी झालं?"

"कुणाचं?"

"तुमचंच. इथे कोड आहे, बाळंतपणामुळे अरुंद झालेला मूत्रमार्ग."

आई लॅपटॉपकडे धावली. पुरुषाला मार लागला तर कोडच्या शेवटी शून्य-एक-एक. तिने टाकलं होतं शून्य-दोन-एक. वीस वर्षांतली पहिली चूक.

"डोळे भरून आले होते गं, आकडे दिसेनात," ती पुटपुटली. "ह्यांची फाईल होती ना."

"दुरुस्ती पाठवा," बाई म्हणाल्या, "पण काय झालं ते पेशंटने स्वतः सांगायचं. रेकॉर्डिंग चालू आहे."

बाबा फोनपासून मागे सरकले. लेकीने कोपर मारलं.

"मी... बाळंत... नाही..."

"ऐकू येत नाही हो!"

"मी जन्मात बाळंत झालेलो नाही!" बाबा गरजले. "सायकलच्या दांड्यावर आपटलोय! लघवी होत नाही!"

समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई तोंडात चिमटा धरून थिजली. मंजुरी मात्र तासाभरात आली.

लेकीने दोघांना शेजारी-शेजारी बसवलं आणि कमरेवर हात ठेवले.

"मी ठरवलंय. उद्या इस्पितळात मी येणार आणि बोलणार पण मीच. बाबा, तुम्ही हवं तेवढं लाजा. आई, तू हवं तेवढं रड. फक्त कीबोर्डला हात लावायचा नाही!"