हुशार आहे, मेहनत कमी पडते

लातुरातल्या एका नावाजलेल्या क्लासने पालकांना पाठवायच्या अहवालांना शिस्त लावली, त्याची ही हकीकत.

संचालक राजशेखर सरांचं म्हणणं साधं होतं : एवढी पोरं, प्रत्येकाबद्दल वेगळं काय लिहायचं? म्हणून ‘सामाईक’ नावाच्या एका फाइलीत त्यांनी मजकूर एकदाच लिहून ठेवला : ‘आपला पाल्य हुशार आहे. मेहनत थोडी कमी पडते. पुढील हप्ता वेळेत भरावा.’ मग प्रत्येक पोराच्या फाइलीत वर नाव, खाली एकच ओळ : सामाईक मजकूर इथे घ्यावा. फाइल उघडली की मजकूर आपोआप येऊन बसायचा. कुठल्याही एका फाइलीत बदलला की सगळीकडे बदलायचा. पोराचं स्वतःचं म्हणाल तर त्यात नाव तेवढं होतं.

समुपदेशक म्हणून नव्याने लागलेल्या पुनम मॅडमना ही व्यवस्था कुणी समजावली नव्हती. समुपदेशन म्हणजे उठलेलं पोर पुन्हा बाकावर बसवणे, एवढंच सांगितलं होतं.

निलंग्याची ऋतुजा समोर येऊन बसली, ती रडतसुद्धा नव्हती. “मॅडम, मला डॉक्टर व्हायचं न्हाई. पुस्तक उघडू वाटंना. अण्णा रविवारी येणार हायेत. माझं ऐकत न्हाईत. क्लासचं लिहिलेलं ऐकतील.”

मॅडमनी तिची फाइल उघडली. मजकूर ऋतुजाच्या नावाखाली दिसत होता, म्हणून त्यांना तो ऋतुजाचाच वाटला. खोडला आणि लिहिलं : ‘लेकरू थकलं आहे. डॉक्टर त्याला नाही, तुम्हाला व्हायचं आहे. घरी न्या, जेवू घाला, आणि त्याला काय करायचंय ते विचारा.’

शनिवारी अहवाल सगळ्या पालकांच्या फोनवर गेले.

रविवारी निलंगा, देगलूर, जिकडून तिकडून एसट्या आल्या. क्लासचं अंगण भरलं, पण आवाज नाही. जो तो आपला फोन खिशात दाबून उभा. देगलूरचे ईश्वरप्पा सरांच्या कानाशी लागले, “सर, आमच्या घरातली गोष्ट तुमाला कुणी सांगितली?” त्यांच्यामागचा गृहस्थ हेच विचारायला थांबला होता, आणखी हळू आवाजात.

सरांनी मॅडमना आत घेतलं. “एका पोरीपायी अख्खी बॅच घरी पाठवायलात तुम्ही.”

“पण सर, चुकीचं आहे असं एकानेही म्हटलं नाही.”

“तीच तर अडचण आहे. खरं तेच लिहायचं असतं तर समुपदेशक कशाला ठेवला असता?”

सरांनी एका जागी दुरुस्ती केली. अंगणात फोन वाजले : ‘आधीचा मजकूर तांत्रिक चुकीने गेला. आपला पाल्य हुशार आहे. मेहनत थोडी कमी पडते...’ अंगणाने श्वास सोडला. आता मात्र सगळ्यांनी फोन बाहेर काढले, एकमेकांना दाखवले, हसले.

ऋतुजाचे वडील शेषेराव यांनी तिची बॅग खांद्याला लावलीसुद्धा होती. ती खाली ठेवली.

“अण्णा, माझा पहिलाच खरा होता.”

“आगं, सगळ्यांचाच चुकून आलाय. तुझ्या एकटीचा खरा कसा असंल? अन् बघ की, हुशार हाय म्हणायलेत.”

बॅग तिच्या हातात देऊन ते एसटीकडे निघाले.

तुमच्याही फोनवर तो ‘हुशार आहे’चा मजकूर आलेला आहे. तुम्ही तो घरात मोठ्याने वाचून दाखवला होता, पाहुण्यांनाही. लेकरू तेव्हा आतल्या खोलीत होतं, आणि त्याला विचारायचं तुमचं राहूनच गेलं.