गुडघे कुणाचे?

संगणकाच्या सरांनी बोलका टॅब सुट्टीत घरी नेला, तिथेच घात झाला. टॅब होता चौथीतल्या बाईसाहेबांसाठी. हे नाव वर्गाने ठेवलेलं, कारण ही मुलगी तोंडाने बोलत नसे, पण नुसत्या भुवयांनी अख्ख्या वर्गाला कामाला लावी. तिची बोटं थरथरत. म्हणून सोय अशी की एक अक्षर दाबलं की टॅबने सवयीची वाक्यं सुचवायची आणि त्यातल्या एकावर बोट ठेवलं की ते मोठ्याने बोलायचं. पण सवय आधी कुणीतरी लावायला हवी ना! सर घरी एकटेच. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा लांब. दीड महिना दुसरं माणूस भेटेना, तेव्हा मनात येईल ते सर टॅबलाच सांगत बसले.

शाळेच्या पहिल्याच दिवशी, मधल्या सुट्टीत बाईसाहेबांना पाणी हवं होतं. त्यांनी 'म' दाबला, बोट घसरलं आणि टॅब खणखणीत आवाजात म्हणाला, "मला एकटं जेवायला नको वाटतं."

वर्गबाईंचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला 'ग' दाबला. "गुडघे धरलेत. वयच झालं आता." मग 'आ'. "आजही कुणाचा फोन नाही." आणि जेवणाचं ते पहिलं वाक्य तर रोजच.

आठवड्याच्या आत मुख्याध्यापिकांनी बाईसाहेबांच्या आईला बोलावून घेतलं, सोबत संगणकाच्या सरांनाही.

"अहो बाई, आमच्याकडे आजी, दोन काका, आत्या, सगळे आहेत! हिला एकटं सोडतंय कोण?" आई रडकुंडीला आली.

"मग मुलगी इथे खचतेय," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "टॅब बंद करू. पुढच्या वर्षी तिच्यासाठी वेगळी शाळाच बघा. सर, तुम्हाला काय वाटतं?"

सरांना वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. पण गप्प बसलं तर पोरीचा आवाजच जाणार होता.

"ती वाक्यं तिची नाहीत, मॅडम."

"मग कुणाची?"

"गुडघे... माझे आहेत."

कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. टॅब वाचला, शाळाही वाचली. सरांना मात्र भर शाळेत उघडं पडल्यासारखं झालं. त्यांनी त्याच संध्याकाळी टॅबमध्ये साठलेली आपली सगळी वाक्यं पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं आणि एकेक अक्षर दाबत तब्बल चार मिनिटांनी विचारलं, "का पुसलं?"

"अगं, माझी रडगाणी होती ती. तुला काय उपयोग?"

पुन्हा बोट चालू लागलं. "एकटं जेवायला नको म्हटलं की सगळे आपापले डबे घेऊन माझ्याजवळ येतात."

"म्हणजे तू रोज मुद्दाम दाबत होतीस?"

भुवया वर गेल्या. सर तिच्या शेजारच्या बाकावर टेकले.

"मी दीड महिना तेच म्हणत होतो गं. माझ्याकडे कुणी नाही आलं."

या वेळी सहा मिनिटं लागली.

"घरात बसून म्हटल्यावर कोण येणार? शिक्षकांच्या खोलीत जाऊन म्हणा."